एकही थेंब चुकवला नाही

स्लावी (जावा), १४ ऑक्टोबर १९९५

मुनि,

तू मला पत्र लिहिणार नाहीस हे मला ठाऊक आहे. तुझा हाँगकाँगचा पत्ता मागायला एजंटाच्या ऑफिसात गेले, तर तिथला कारकून म्हणतो, "सख्ख्या बहिणीचा पत्ता आमच्याकडे मागता, कमाल आहे बाई." मी म्हटलं, आमची कमाल तू मोजू नकोस, पत्ता दे.

तू निघताना मी बोलले ते बोलले. चार महिन्यांचं पोर थोरल्या बहिणीच्या पदरात टाकून परक्याचं पोर सांभाळायला जाते ती कसली आई, असं म्हटलं. शब्द मागे घेत नाही, तेव्हा तसंच वाटत होतं. पण पोराची खबर द्यायची नाही इतकी काही मी दगड नाही.

तर गिलांग छान आहे. अडीच महिने आधीच बाहेर आलेलं, तेराशे ग्रॅमचं, महिनाभर काचेच्या पेटीत पडलेलं हेच ते पोर, हे आता सांगून कोणाला पटत नाही. रंग इतका उजळलाय की गिऱ्हाइकं विचारतात, बाप चिनी होता काय. बापाचं नाव मी काढत नाही, तो जाकार्त्यात खानावळ चालवतो की आणखी काय चालवतो ते त्याचं त्याला ठाऊक. आणि पोर शांत किती. मी त्याला झोळीत कमरेशी बांधून दिवसभर टपरीवर चहा करते, तो हूं नाही की चूं नाही. शेजारच्या मस्निया काकू रोज म्हणतात, "वार्ती, असं गुणी लेकरू मिळायला नशीब लागतं गं." माझी छाती फुगते, खोटं कशाला बोलू.

तू भिंतीवर कागद चिकटवून गेलीस ना, 'लोहाचे थेंब रोज, एक दिवसही चुकवायचे नाहीत', तो वाचायची मला गरज पडत नाही. एकही दिवस चुकला नाही. पहिल्यांदा नुसतेच पाजले तर गंजक्या खिळ्याचा तो वास, पोराने असं तोंड केलं की माझेच दात आंबले. सगळं थुंकून टाकलं. मग मी आपली रीत काढली. किटलीतला कोमट, पातळ चहा चमचाभर, खडीसाखर विरघळवलेला, त्यात थेंब, आणि एका घोटात गट्टम. वर आणखी दोन चमचे, तोंडाची चव जावी म्हणून. आता चमचा दिसला की आ करतो.

तुझा दाजी सोदिक तुला सलाम सांगतो. त्याच्या कारखान्यात चहात घालायच्या मोगऱ्याचा हंगाम आहे, घरी येतो तो अंगाला वास घेऊनच येतो.

तुझी यू, थोरली बहीण,
वार्तिना


स्लावी, ११ जानेवारी १९९६

मुनि,

परवा विधी करून गिलांगचे पाय पहिल्यांदा जमिनीला लावले. पस्तीस-पस्तीस दिवसांचे सात फेरे मंगळवारी भरले. तेगालच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की याचं वय जन्मापासून धरू नका, ज्या दिवशी जन्मायला हवा होता त्या अठरा जुलैपासून मोजा. पण विधीला कोणी डॉक्टरांचं कॅलेंडर धरतं का? मस्निया काकू म्हणाल्या, "पोर ज्या दिवशी जगात आलं तो दिवस खरा." बरोबरच आहे.

सात रंगांचा चिकट भात केला. उसाची शिडी केली, त्यावरून मी त्याला चढवलं. मग रिवाजाप्रमाणे सजवलेल्या पिंजऱ्यात बसवलं आणि पुढे पेन, आरसा, सुतळी, खेळण्यातली मोटार, तांदूळ असं सगळं मांडलं. अख्खी गल्ली डोळे लावून बसलेली. त्याने पेन उचललं. सोबत फोटो पाठवते आहे, बघ. शिकणार गं तुझा मुलगा. सोदिक म्हणाला, "आपल्या खानदानात पहिल्यांदाच कोणी पेन धरलं, तेही पिंजऱ्यात बसून."

फोटोत मागे माझा हात दिसतो, त्यावर जाऊ नकोस. पिंजरा डगमगत होता म्हणून धरलं होतं त्याला. आणि तो रडत नव्हता, नुसता माझ्याकडे बघत होता. त्याचं माझ्याशिवाय पान हलत नाही. कोणी घ्यायला हात पुढे केले की माझ्या खांद्यात तोंड खुपसतो. पाहुणे दोन तास होते, दोन तास माझ्या मांडीवरून उतरला नाही. लोक म्हणाले, आई गेली पण पोराने आई शोधली. तुला लागेल असं लिहू नये, पण लोक म्हणाले ते सांगितलं.

डिसेंबरात त्याला डॉक्टरीणबाईंकडे रक्त तपासायला न्यायचं होतं. टपरीचं छप्पर गळत होतं, त्या धांदलीत राहून गेलं. पुढच्या महिन्यात नेईन. घाई काय आहे, थेंब तर चालूच आहेत.

तुझी यू


स्लावी, २ मार्च १९९६

मुनि,

सहा महिन्यांत तुझं पहिलं पत्र, त्यात चार ओळी आणि चार प्रश्न. आधाराशिवाय बसतो का? मागून आवाज केला तर वळतो का? नवीन वस्तूला हात घालतो का? औषध देतेस ना? ना 'यू कशी आहेस', ना सोदिकची विचारपूस. मी बहीण आहे तुझी, कैदी नव्हे.

आणि खाली काय लिहिलंस? 'इथलं बाळ सात महिन्यांचं आहे, हे सगळं करतं.' तुझ्या मालकिणीच्या बाळाचं कौतुक तू हाँगकाँगातच ठेव. ज्याला खेळवून पैसे मिळतात ते बाळ बसणारच. आमचं बाळ दहा महिन्यांचं, म्हणजे अडीच वजा केले तर साडेसात. मला वजाबाकी येते. थोड्या दिवसांनी बसेल. आणि तो आधी का जन्मला हे तुझं तू आठव. साखरेची पोती उचलू नकोस म्हणून मी घसा कोरडा केला होता. तू ऐकलंस?

बस झालं.

तुझं पत्र वाचून मी किटलीचं झाकण घेतलं आणि त्याच्या मागे बसून वाजवलं. तो वळला. तिसऱ्यांदा वाजवलं तेव्हा वळला. पहिल्या दोन वेळेला त्याला पेंग आली असेल. दुपारची वेळ होती.

औषध देते. एकदा नाही, हजारदा सांगते, देते.

वार्तिना


स्लावी, १९ मार्च १९९६

मुनि,

हे वाचून घाबरू नकोस. नाहीतर घाबर, मी एकटीने किती घाबरू?

सरकारी दवाखान्यातल्या सुईणबाई एंडांग टपरीवर चहाला आल्या होत्या. गिलांग झोळीत होता. बाईंनी सहज म्हणून त्याची खालची पापणी ओढली आणि कप खाली ठेवला. म्हणाल्या, "वार्ती, आत रंगच नाही गं. कधीपासून असा आहे?" मी म्हटलं, तो पहिल्यापासून गोरा आहे. बाई म्हणाल्या, "हा गोरेपणा नव्हे. टपरी बंद कर, आत्ताच्या आत्ता तेगालला चल."

रक्त काढलं. हिमोग्लोबिन का काय ते, सहा निघालं. निदान अकरा हवं होतं. आणखी खाली गेलं तर रक्त चढवावं लागेल म्हणाल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लोहाचे थेंब कधी बंद केले?" मी म्हटलं, बंद केलेच नाहीत, कुराणावर हात ठेवून सांगते, एक दिवस चुकला नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कागदात बघितलं. मुनि, चोराकडे बघतात तसं बघितलं गं. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकत नाहीत म्हणाल्या.

बाटल्याच खराब निघाल्या असतील. हल्ली औषधांत काय भेसळ करतात अल्लाला ठाऊक. दुकानदाराला जाऊन शिव्या घालून आले. डोस वाढवून नवी बाटली दिली आहे. तू काळजी करू नकोस, मी आहे ना.

तुझी यू


स्लावी, २७ मार्च १९९६

मुनि,

मी आहे ना, असं मागच्या पत्रात लिहिलं होतं. तेच तर झालं. मी होते.

परवा एंडांग बाई घरी आल्या. म्हणाल्या, "वार्ती, तू खोटं बोलणाऱ्यातली नाहीस. तू औषध कसं देतेस ते मला करून दाखव." मी बिस्मिल्ला म्हणून बाटली काढली, थेंब मोजले, किटली पुढे ओढली. बाईंनी माझं मनगट धरलं.

"हे काय?"

"चहा. नुसतं पीत नाही ना तो."

"पहिल्यापासून चहातूनच?"

"मग आणखी कशातून देणार?"

बाई तिथेच जमिनीवर बसल्या. मग मला समजावलं, लहान पोराला समजवावं तसं. चहा लोहाला धरून ठेवतो. पोटात गेलेलं लोह रक्तात उतरूच देत नाही, तसंच शौचावाटे बाहेर काढतो. मोठ्या माणसाचं एक वेळ निभतं. पण पोटातलं बाळ आईकडून लोहाचा साठा घेतं तो शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत, आणि हा त्याच्या आधीच बाहेर आला. याच्याकडे साठा नव्हताच. ते थेंब हाच त्याचा साठा होता. आणि मी रोज, न चुकता, एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने काढून घेतला. हे शेवटचं वाक्य बाईंचं नाही, माझं आहे. बाई म्हणाल्या, "तुझी चूक नाही, या गावात पाण्याआधी चहा पाजतात. आम्हीच बाटली देताना विचारायला हवं होतं." मुनि, आपण दोघी चहावरच वाढलो की नाही? ताप आला चहा, पोट दुखलं चहा, तुझा दात पडला तेव्हाही अम्माने चहाच दिला होता. मला काय माहीत? मला माहीत नव्हतं. हे मी दिवसभर भिंतीला सांगते आहे.

दुसऱ्या दिवशी बाई मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. त्यांनी माझी माफी मागितली, पण मला त्या माफीचं काय करायचं होतं. मी विचारलं, हे फक्त रक्ताचं आहे ना? त्या म्हणाल्या, नाही. या वयात मेंदूही लोहावरच बांधला जातो. ऐकणं, बघणं, हालचाल, सगळ्याची जोडणी याच महिन्यांत होते. सामान कमी पडलं की काम रेंगाळतं. मग त्यांनी विचारलं, "हा फार शांत आहे का? तुम्हालाच चिकटून असतो का? नवीन वस्तूला हात लावायला कचरतो का?"

मी हो म्हटलं. तिन्ही वेळा हो म्हटलं.

"लोह कमी पडलेली मुलं पुष्कळदा अशी असतात," त्या म्हणाल्या.

मुनि, मी त्याला प्रेम समजत होते. माझ्या खांद्यात तोंड खुपसून दोन-दोन तास पडून राहायचा, मी सगळ्या गल्लीला दाखवत फिरायचे. माझ्या पोटी काही नाही, लग्नाला नऊ वर्षं झाली, तुला सगळं माहीत आहे. मला वाटलं, अल्लाने उशिरा का होईना माझ्याकडे बघितलं. आणि त्या पोराला खाली उतरायचं बळच नव्हतं गं.

आता सगळंच सांगते. त्याने पेन उचललं नव्हतं. पिंजऱ्यात तो कशालाच हात लावीना. लोक कुजबुजायला लागले तेव्हा मी मागून हात घालून पेन त्याच्या मुठीत कोंबलं आणि सोदिकला म्हटलं, काढ फोटो. दुसरं, डिसेंबरात छप्पर गळत नव्हतं. मी मुद्दाम गेले नाही. तो बसत नाही हे मला दिसत होतं. डॉक्टरीणबाई काही बोलतील, ते तुला कळेल आणि तू येऊन त्याला घेऊन जाशील, याची धास्ती होती. तेव्हा नेलं असतं तर तीन महिने वाचले असते. चहाचं मला माहीत नव्हतं, पण हे मी जाणूनबुजून केलं. आणि पोत्यांवरून तुला बोलले तेही विषच ओकले.

मला शिव्या दे, पण पत्र पाठव.

वार्तिना


स्लावी, ३० एप्रिल १९९६

मुनि,

महिना झाला, तुझं काही नाही. पोस्टमन आता मला बघून लांबूनच मान हलवतो.

मी तुझ्या जागी असते तर पत्र फाडून टाकलं असतं. पण तू वाचत असशील असं धरून चालते.

आता थेंब संत्र्याच्या रसात देते, पोट रिकामं असताना. त्या रसाने लोह चांगलं लागतं म्हणतात. दुपारी कोंबडीची कलेजी उकडून, वाटून भातात कालवते. अर्धं ओकतो, मी पुन्हा भरवते. शौचाला काळी होते, मस्निया काकू म्हणाल्या कोणाची तरी नजर लागली, मंतरलेलं पाणी आण. एंडांग बाई म्हणाल्या, त्या थेंबांनी काळी व्हायचीच, काळजी करू नकोस. जग एका काळ्या लंगोटावरून भांडतंय आणि मी मध्ये बसलेय.

दर पंधरा दिवसांनी तेगाल. रक्त आठच्या पुढे गेलं. मी विचारलं, मग मेंदूचंही भरून येईल ना? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रक्त भरेल. बाकीचं काही भरून येतं, काही मागे राहतं. किती, ते आज सांगता येत नाही." मी म्हटलं, अंदाज तरी सांगा. म्हणाल्या, अंदाज नाही. शाळेत गेला की कळेल, कदाचित त्याच्याही नंतर. म्हणजे सहा वर्षं मी त्याच्या प्रत्येक चुकीकडे बघून विचारत राहायचं, हे माझं की त्याचं? तो बोलायला उशीर करेल, मी विचारेन. गणितात अडेल, मी विचारेन. हे कसं सहन करायचं ते कोणी सांगत नाही.

मी चहा सोडला, जेवणही धड जात नाही. सोदिक म्हणाला, "गिऱ्हाइकाला चहा विकतेस आणि स्वतः पाणी पितेस. तू उपाशी राहून त्याच्या अंगात रक्त चढणार आहे का?" मी त्याच्या अंगावर खेकसले. त्याने ताट माझ्यापुढे सरकवलं. मग म्हणाला, "वार्ती, जेव तरी." बिचारा.

पोर आता किरकिर करतं. चमचा ढकलतं, ओरडतं, दुपारी झोपत नाही. काकू म्हणतात, गुणी होतं ते बिघडलं. मला कळत नाही हे चांगलं की वाईट. डॉक्टरीणबाईंना विचारायचं धाडस होत नाही. त्यांनी 'वाईट' म्हटलं तर मी तिथेच मरेन.

एक ओळ लिही. काय वाटेल ती.

यू


स्लावी, १६ जून १९९६

मुनि,

तुझं पत्र मिळालं. करार मोडून तू दोन जुलैला उतरणार, गिलांगला घेऊन सेमारंगला मोठ्या दवाखान्याजवळ राहणार, आणि मी भेटायला येऊ नये. सगळं कळलं. तीनदा वाचलं, तिन्ही वेळा तेच लिहिलं होतं.

मी भांडणार नाही. त्याच्या औषधाच्या वेळा, रक्ताचे कागद, काय खातो नि काय ओकतो, सगळं एका वहीत लिहून ठेवलं आहे. वही एंडांग बाईंनी तपासली आहे, माझ्यावर विश्वास नसेल तर त्यांच्यावर ठेव. रक्त आता दहाच्या पुढे आहे. आधाराशिवाय बसतो. झाकण वाजवलं तर पहिल्याच वेळी वळतो, पण कधी कधी नाही वळत, तेही लिहिलं आहे. काही लपवलेलं नाही.

तू येशील त्या दिवशी मी टपरीवर थांबेन. घराची किल्ली सोदिककडे असेल. तुला माझं तोंड बघायला लागू नये म्हणून.

एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण आज सकाळी जे झालं ते तुला सांगायलाच हवं, कारण आई तू आहेस.

सोदिकने कारखान्यातून उरलेला मोगरा आणला होता, तो ओसरीवर चादरीवर पसरला होता. मी गिलांगला मांडीवर घेऊन बसले होते. तू येईपर्यंत जितकं घेता येईल तितकं घ्यावं असं ठरवलं होतं, म्हणून दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. तो वळवळला. मी आणखी धरला. तर त्याने दोन्ही हात माझ्या छातीवर टेकवले आणि मला ढकललं. मुनि, जोर लावून ढकललं. चेहरा लाल झाला होता, खरा लाल. मी हात सोडले. तो मांडीवरून घसरला, पालथा पडला, थोडा रडला आणि मग रांगायला लागला. एक गुडघा नीट, दुसरा पाय फरफटत, तसाच चालला. फुलांपर्यंत गेला. मूठभर फुलं उचलून तोंडात कोंबली, थुंकली आणि पुढे पायरीकडे निघाला.

एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

हाक मारावीशी वाटत होती. मारली नाही. पायरीजवळ जाऊन नुसती हात पसरून बसले, पडला तर धरायला.

वार्तिना